गाण्याची मूर्ती होते का? – वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आवाजावरून शिल्प करण्याबद्दल दोन पानं लिहिली होती, म्हणजे गाणं रेकॉर्ड करायचं, कॉम्प्युटरवर त्याचं चित्र काढायचं आणि ते चित्र लाकडात नाहीतर प्लास्टिकमध्ये उभं करायचं, एवढाच विषय, आणि मला वाटलेलं दोनचार पत्रं येतील. ढीग आला. त्यातली निवडक घेतलीयेत, नावं मुद्दाम काढली, गावं ठेवली. ज्यांनी नुसतंच "किंमत कळवा" लिहिलंय त्यांना एकदाच सांगते, मी विकत नाही हो.

प्रश्न (इचलकरंजी): ताई, मी नववीत आहे. सायन्स प्रोजेक्टला आवाजाची रांगोळी करायचीये म्हणून आईची स्टीलची थाळी स्पीकरवर ठेवली, वर रांगोळी टाकली आणि फुल्ल आवाजात गाणं लावलं. रांगोळी नुसती उडते, डिझाइन काही येत नाही. व्हिडिओत तर मस्त येतं. काय चुकतंय?

उत्तर: बरंच चुकतंय पण सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे. आधी आईची थाळी परत कर. थाळीला काठ असतो, काठामुळे ती कडेला ताठ होते, आणि तू ती स्पीकरवर नुसती ठेवलीयेस म्हणजे ती खडखडणार, नीट थरथरणार नाही. तुला सपाट पत्रा पाहिजे, ॲल्युमिनियमचा, एक मिलिमीटर जाड, वीतभर चौकोन, फॅब्रिकेशनवाल्याकडे कटपीस पडलेले असतात त्यातला माग. बरोबर मध्ये भोक पाडून तो एका स्क्रूवर घट्ट कस आणि तो स्क्रू जुन्या स्पीकरच्या मधल्या टोपीला पक्का चिकटव. मध्ये धरलेला आणि कडा मोकळ्या, असा पत्रा राहिला पाहिजे.

आता गाणं बंद कर. गाण्यात एकाच वेळी ढीगभर फ्रिक्वेन्सी असतात आणि त्या क्षणाक्षणाला बदलतात, त्यामुळे दाण्यांना कुठं एका जागी बसायला सवडच मिळत नाही. मोबाइलवर टोन जनरेटरचं फुकट ॲप घे, दोनशे हर्ट्झपासून अगदी हळूहळू वर जात राहा, बराच वेळ काहीच होणार नाही आणि मग एका आकड्याला पत्रा एकदम ओरडायला लागेल. तिथं थांब. तो त्या पत्र्याचा स्वतःचा सूर. पत्रा जिथं जोरात हलतो तिथून दाणे उडतात आणि जिथं हलत नाही तिथं जाऊन बसतात, म्हणजे तुला दिसणारी रेघ ही खरं तर शांत जागेची रेघ असते, हे परीक्षकांना नक्की सांग कारण निम्मे लोक उलटं समजतात. आकडा वाढवत गेलास की नक्षी बारीक आणि किचकट होत जाते.

रांगोळीऐवजी रवा घे नाहीतर कोरडं मीठ. पावसाळ्यात मीठ चिकटतं, रवा जरा भाजून घे. आणि मार्क मिळवायचे असतील तर दुसऱ्यांदा रव्याच्या जागी चिमूटभर टाल्कम पावडर टाकून बघ. गंमत म्हणजे फार बारीक पूड उलटी वागते, ती पत्रा हलतो त्याच जागी छोटे ढीग करून बसते, कारण हलणाऱ्या पत्र्यावर हवेचे छोटे छोटे भोवरे तयार होतात आणि हलकी पूड त्यांच्याबरोबर ओढली जाते. १८३१ मध्ये मायकेल फॅरडेने याचा उलगडा केला. त्याच्याआधी १७८७ मध्ये अर्न्स्ट क्लाडनी या जर्मन माणसाने हे प्रयोग पुस्तकात छापले, तो पत्र्याच्या कडेवर व्हायोलिनचा गज ओढायचा, स्पीकर कुठला आलाय तेव्हा. १८०९ साली पॅरिसमध्ये त्याने नेपोलियनसमोर करून दाखवलं, नेपोलियनने त्याच्या पुस्तकाच्या फ्रेंच आवृत्तीसाठी सहा हजार फ्रँक दिले, आणि या आकृत्यांचं गणित मांडणाऱ्याला बक्षीस लावलं गेलं ते १८१६ मध्ये सोफी जर्मेन या बाईने मिळवलं. तिसऱ्या प्रयत्नात बरं का. आणि क्लाडनीच्याही शंभर वर्षं आधी, १६८० मध्ये, रॉबर्ट हूकने काचेवर पीठ टाकून हेच बघितलं होतं.

कानात कापूस घाल. हा आवाज घरातल्यांना दहा मिनिटांत वेड लावतो.

प्रश्न (सातारा): नमस्कार. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आलाय, ओम म्हटल्यावर तबकडीवर आपोआप श्रीयंत्र उमटतं. हे खरं असेल तर आपल्या पूर्वजांना हे सगळं माहीत होतं असंच म्हणावं लागेल ना?

उत्तर: काका, वरच्या मुलाचा पत्रा घ्या. तो चौकोनी आहे म्हणून आकृती चौकोनाच्या अंगाने येते. गोल कापला की वर्तुळं आणि पाकळ्या येतील, त्रिकोणी कापला की तिसरंच काहीतरी. जाडी बदला, मधला स्क्रू सरकवा, तोच सूर ठेवूनही आकृती बदलेल. म्हणजे आकृती सुराची असते तितकीच किंवा थोडी जास्तच पत्र्याची असते, आणि पत्र्याला ओम कळत नाही, भूप कळत नाही, लावणीही कळत नाही. त्याला फक्त सेकंदाला किती वेळा हलायचं एवढंच कळतं. म्हणून "ओमची आकृती" अशी एकच एक आकृती नसते, तुमच्या आवाजातला ओम नि माझ्या आवाजातला ओम वेगळ्या पट्टीत असणार, मग श्रीयंत्र नेमकं कुणाच्या ओमचं? श्रीयंत्राची भूमिती फार सुंदर आहे आणि ती काढणाऱ्यांनी डोक्याने आणि हाताने काढलीये, तिला तबकडीच्या सर्टिफिकेटची गरज नाही असं माझं मत.

अशी ओढ मात्र फक्त आपल्याकडेच लागते असं नाही. वेल्सची मार्गारेट वॉट्स ह्यूज नावाची गायिका होती, तिने १८८५ मध्ये एक साधं यंत्र केलं, एका नळीत गायचं, नळीच्या दुसऱ्या टोकाला ताणलेला पडदा, त्यावर वाळू नाहीतर ओला रंग. ती स्थिर सूर लावून गायची आणि पडद्यावर डेझीसारखी फुलं, नेच्याची पानं असं काय काय उमटायचं, ते ती काचेवर घ्यायची. बाई धार्मिक होती आणि या फुलांत तिला देवाचा हात दिसायचा. त्या काचा आजही मर्थर टिडफिल गावच्या किफार्था कॅसल म्युझियममध्ये आहेत. श्रद्धा तिची, फुलं पडद्याची, आणि दोन्ही तिच्या आवाजामुळे, असं म्हटलं तर कुणाचंच काही बिघडत नाही.

प्रश्न (पंढरपूर): मी तबला शिकवतो. पत्र्यावर जर आकृती येते तर तबल्याच्या पुडीवर येईल का? विद्यार्थ्यांना दाखवायची इच्छा आहे.

उत्तर: येते, आणि हे दाखवणारा माणूस म्हणजे साक्षात सी. व्ही. रामन. १९२० मध्ये कलकत्त्यात असताना त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर नेचर या विज्ञान नियतकालिकात आपल्या तालवाद्यांवर छोटा लेख लिहिला आणि १९३४ मध्ये सविस्तर काम छापलं, त्यात पुडीवर बारीक वाळू पसरून आघातानंतर ती कुठं जमते त्याचे फोटो आहेत. मुद्दा असा की साध्या ताणलेल्या कातड्याचे सूर एकमेकांशी जुळत नाहीत, मूळ सूर एक धरला तर पुढचे १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट असे भलतीकडे पडतात, म्हणून साधा ढोल "धप" वाजतो, त्यात सा सापडत नाही. मधे शाई, म्हणजे पुडीवरचा तो काळा गोल थर, आली की तिच्या वजनाने हे सगळे ओढले जाऊन जवळपास दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशा शिस्तीत येतात. म्हणून तबला सुरात लागतो. ज्याने कुणी पहिल्यांदा शाईचे थर घोटले त्याला हे गणित माहीत नव्हतं, कानाला माहीत होतं.

पण गुरुजी, चांगल्या तबल्यावर वाळू टाकू नका. शाईच्या बारीक भेगांत कण अडकले की पुडी गेली. चाट फाटलेला, टाकायला ठेवलेला जुना तबला काढा आणि त्यावरच दाखवा.

प्रश्न (ठाणे): आई मागच्या वर्षी गेली. तिच्या आवाजातली जात्यावरची ओवी माझ्या फोनमध्ये व्हॉइस नोट म्हणून आहे, ४२ सेकंदांची. आम्ही तीन भावंडं. फोटो तर आहेतच, पण हातात धरता येईल असं काही करता येईल का? तुमच्या लेखातलं स्पेक्ट्रोग्राम वगैरे मला झेपलं नाही, खरं सांगते.

उत्तर: आधी हे वाचणं थांबवा आणि ती फाइल तिघांच्या फोनमध्ये, एका पेन ड्राइव्हमध्ये आणि स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. झालं? मग पुढे वाचा. एकाच फोनमध्ये असलेली व्हॉइस नोट म्हणजे नसल्यासारखीच असते, फोन पाण्यात पडायला एक सेकंद पुरतो.

स्पेक्ट्रोग्राम म्हणजे कुठल्या क्षणी कुठला सूर किती जोरात होता त्याचं चित्र, ते सोडून द्या, तुम्हाला त्याची गरज नाही. आवाज कुठं मोठा आणि कुठं लहान एवढंच घेतलं तर एक साधी नागमोडी रेघ मिळते, आणि ती रेघ एका आडव्या काठीभोवती गोल फिरवली की लाटण्यासारखी वस्तू तयार होते, जिथं आवाज चढला तिथं जाड, जिथं उतरला तिथं बारीक. ल्यूक जेरम या ब्रिटिश कलाकाराने २०११ च्या जपानच्या भूकंपाची नऊ मिनिटांची नोंद अशीच फिरवून शिल्प केलंय, तो भूकंप होता, तुमची ओवी आहे, पण करण्याची रीत तीच. हे कातारी करू शकतो. जो लाटणी, पाळण्याचे खांब, पाटाचे पाय कातून देतो तो. त्याला कॉम्प्युटरची फाइल देऊ नका, तो तुमच्याकडे बघत बसेल, त्याला पूर्ण मापाचा कागद द्या आणि दर सेंटिमीटरला व्यास लिहून द्या, तो पत्र्याचा फर्मा करून घेईल आणि संध्याकाळपर्यंत वस्तू हातात देईल. सागवान चालेल, शिसव मिळालं तर उत्तम, हाताला गार आणि जड लागतं.

मापं अशी धरा. लांबी २८ सेंटिमीटर केलीत तर ४२ सेकंदांत दर सेकंदाला पावणेसात मिलिमीटरच्या आसपास जागा येते, म्हणजे एक अक्षर नाही पण एक शब्द बोटाला कळेल इतपत. ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फाइल उघडली की ती रेघ दिसते, भाच्याला सांगा. फक्त एक करा, रेघ आहे तशी घेऊ नका कारण आवाजाचे चढ फार टोकदार येतात आणि हळू म्हटलेलं सगळं सपाट होऊन जातं, रेघेच्या उंचीच्या आकड्यांचं वर्गमूळ घेतलं की हळू भागही दिसायला लागतो. आणि सगळ्यात बारीक जागा बारा मिलिमीटरच्या खाली नेऊ नका. त्या बारीक जागा म्हणजे आईने श्वास घेतला त्या जागा आहेत, तिथंच लाकूड मोडतं.

श्वास काढून टाकायचा नाही, हेही सांगायचंय. मी माझ्या मावशीच्या गाण्याचं पहिलं असं शिल्प केलं तेव्हा आधी आवाज "स्वच्छ" करायला बसले, पंखा काढला, मागची भांडी काढली, काढता काढता तिचा दम लागणंही काढलं, आणि जे लाकूड तयार झालं ते कुणाचंही असू शकलं असतं. दुसऱ्यांदा काहीच काढलं नाही. त्यात शेवटाकडे एक भलामोठा फुगवटा आहे, ती कुकरची शिट्टी. घरात येणारा प्रत्येक जण पहिला हात तिथंच लावतो आणि मग मावशी कशी गाता गाता "बंद करा गं तो" म्हणाली ते आम्ही सांगतो. तुमच्या नोटमध्ये जात्याची घरघर असेल तर ती ठेवा, लाकडाला सगळीकडे एक बारीक जाडी देईल ती.

तीन भावंडांत तीन तुकडे करू का असा विचार मनात येईल, मला आला असता. करू नका. फर्मा एक, नग तीन.

प्रश्न (नागपूर): मी डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एका द्रुत बंदिशीचा तीन मिनिटांचा ट्रॅक घेतला, स्पेक्ट्रोग्राम काढला, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये हाइटमॅप करून, म्हणजे चित्राची उंचसखल जमीन करून, थ्रीडी प्रिंट काढली, वीस सेंटिमीटरची. दिसायला सातपुडा दिसतोय. ताना कुठं आहेत, सम (तालाची पहिली मात्रा) कुठं आहे, काहीच कळत नाही. सर म्हणाले सॉफ्टवेअर बदल.

उत्तर: सॉफ्टवेअर बदलून काही होणार नाही, भागाकार कर. १८० सेकंद, २०० मिलिमीटर, म्हणजे एका सेकंदाला १.१ मिलिमीटर. तुझ्या प्रिंटरचा नोझल बहुतेक ०.४ मिलिमीटरचा असेल, तर नोझलच्या एका रेघेत साधारण सेकंदाचा तिसरा हिस्सा मावतो. द्रुत तान सेकंदाला आठ स्वरांची धरली तर तीन स्वर एका रेघेत कोंबले गेले. मग सातपुडाच होणार, दुसरं काय होणार. वीस सेकंद घे. सेकंदाला दहा मिलिमीटर मिळाले, प्रत्येक स्वराला सव्वा मिलिमीटर, आता नखाने मोजता येईल.

दुसरा घोळ उभ्या अक्षाचा. स्पेक्ट्रोग्राम साधा घेतलास तर वीस हजार हर्ट्झपर्यंत सगळ्यांना सारखी जागा मिळते आणि गाणं सगळं खालच्या चिंचोळ्या पट्टीत अडकतं, वरचा मोठा भाग नुसता चिरचिराट. एक सप्तक वर म्हणजे फ्रिक्वेन्सी दुप्पट, त्यामुळे अक्षही दुपटीचा, लॉगरिदमिक पाहिजे, मग मंद्र, मध्य, तार तिघांनाही सारखी रुंदी मिळते. उंची पण डेसिबलमध्ये घे आणि सगळ्यात मोठ्या आवाजाच्या साठ डेसिबल खाली जे असेल ते सरळ कापून टाक, तो हॉलचा खोकला असतो.

तिसरी गोष्ट विंडो साइझ, म्हणजे सॉफ्टवेअर एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा तपासतं ते, आणि इथं मला जरा रेंगाळू दे कारण इथंच खरं गाणं ठरतं. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेल्या रेकॉर्डिंगला ४०९६ नमुन्यांची विंडो घेतली की एक तुकडा ९३ मिलिसेकंदांचा होतो आणि फ्रिक्वेन्सीची एक पायरी साधारण पावणेअकरा हर्ट्झची. तुझ्या तानेतला स्वर १२५ मिलिसेकंदांचा आहे, तो मावला. पण गायक काळी एक पट्टीत असेल तर त्याचा सा १३८.६ वर आणि कोमल रे १४६.८ वर, मध्ये अंतर आठच हर्ट्झ, म्हणजे या विंडोला ते दोन वेगळे दिसतच नाहीत. मोठी विंडो घे म्हणशील, ३२,७६८ ची, तर पायरी १.३५ हर्ट्झच्या जवळ येते, मस्त, फक्त आता एक तुकडा पाऊण सेकंदाचा झाला आणि त्यात सहा स्वर एकात एक कालवले गेले. वेळ नीट पाहिजे तर सूर धूसर, सूर नीट पाहिजे तर वेळ धूसर. यातून सुटका नाही, हे कुठल्या कंपनीच्या सॉफ्टवेअरचं नाही तर गणिताचंच आहे. तानेला छोटी विंडो, आलापाला मोठी, आणि दोन्ही एका प्रिंटमध्ये नकोत. छोट्या विंडोत स्वर ओळखायचे तर पायथ्याशी बघू नकोस, चौथ्या हार्मोनिकवर, म्हणजे मूळ सुराच्या चौपट फ्रिक्वेन्सीच्या रेघेवर बघ, तिथं तेच अंतर चौपट झालेलं असतं.

तानपुरा वेगळ्या ट्रॅकवर असेल तर बंद कर. तो छापला की सगळ्या लांबीभर समांतर भिंती उभ्या राहतात आणि गायक त्यांच्यामध्ये बोळातून चालल्यासारखा दिसतो. काही जणांना ते आवडतं म्हणा.

तुझ्या सरांना आणि तुलाही एक जुनं काम बघायला सांगते. १९२८ मध्ये जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत हाइनरिश नॉयगेबोरेन नावाचा माणूस होता, चित्रकारही आणि संगीतकारही, त्याने जर्मन संगीतकार बाखच्या एका फ्यूगचं, म्हणजे एकच सुरावट अनेक आवाजांत एकामागून एक येते तशा रचनेचं, त्रिमितीय शिल्प आखलं, आवाजावरून नाही तर नोटेशनवरून, प्रत्येक सुरावटीची उंची म्हणजे स्वर आणि लांबी म्हणजे काळ. आणि अख्ख्या फ्यूगमधून त्याने घेतले किती बार, म्हणजे नोटेशनमधली घरं? बावन्न ते पंचावन्न. चार. याच्या उलट मेक्सिकोचे ह्वान मानुएल एस्कालान्ते यांनी २०१२ च्या सुमाराला अख्खे अल्बम छापले होते, सुंदर पांढऱ्या वस्तू आहेत, पण वस्तू बघून गाणं आठवत नाही आणि गाणं ऐकून वस्तूतली जागा सापडत नाही. तुझा सातपुडा त्यांच्या घराण्यातला आहे. तुला मात्र सम सापडायला हवीये, मग चार बारवाल्याकडे जा.

प्रश्न (नांदेड): शिल्पावरून परत गाणं वाजवता येतं का?

उत्तर: तुमच्या घरात एलपी रेकॉर्ड असेल तर तुम्ही ते केलेलंच आहे. रेकॉर्डची खाच म्हणजे आवाजाचं शिल्पच की, बावीस मिनिटांची एक बाजू सरळ केली तर खाच जवळपास अर्धा किलोमीटर भरते. अमांडा गॅसाई या अमेरिकन बाईने २०१२ मध्ये थ्रीडी प्रिंटरवर रेकॉर्ड छापल्या, वाजतात, खरखर भयंकर आहे पण गाणं ओळखू येतं.

सगळ्यात भारी गोष्ट मात्र स्कॉट द मार्टिनव्हिलची. पॅरिसच्या या माणसाने १८५७ मध्ये, म्हणजे एडिसनच्या फोनोग्राफच्या वीस वर्षं आधी, काजळी धरलेल्या कागदावर आवाजाची रेघ काढणारं यंत्र पेटंट केलं. वाजवायचं त्याच्या डोक्यातही नव्हतं, त्याला फक्त आवाज बघायचा होता. १८६० मध्ये त्याने त्यावर एक फ्रेंच लोकगीत घेतलं, कागद पडून राहिला, आणि २००८ मध्ये अमेरिकन संशोधकांनी कागद स्कॅन करून ती रेघ कॉम्प्युटरने वाजवली. आधी वाटलं एखादी मुलगी गातेय, नंतर लक्षात आलं की आपण दुप्पट वेगाने वाजवतोय. वेग निम्मा केला तर पुरुष निघाला, बहुतेक स्वतः स्कॉटच.

नागपूरच्या मुलाच्या प्रिंटवरून मात्र नाही वाजणार. स्पेक्ट्रोग्राममध्ये लाटेची मांडणी, म्हणजे फेज, गळून पडते, अंदाजाने भरता येते पण मग गायक डब्यात बसून गातोय असं वाटतं. आणि ठाण्याच्या ताईंच्या लाटण्यात तर सूरच नाही, फक्त जोर आहे.

प्रश्न (कोलोन, जर्मनी): इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या मुलांना यातलं काही प्रत्यक्ष दाखवायचंय. जवळपास काही आहे का?

उत्तर: तुम्ही तर दारातच राहताय. वर लिहिलेल्या नॉयगेबोरेनचं शिल्प त्याच्या हयातीत कागदावर आणि छोट्या मॉडेलमध्येच राहिलं, नंतर ते मोठं करून लेव्हरकुसेनमध्ये उभारलं, तुमच्या शेजारच्या गावात. जाण्याआधी मुलांना त्या चार बारचं पियानोवरचं रेकॉर्डिंग वीसतीस वेळा ऐकवा, अगदी कंटाळा येईपर्यंत, नाहीतर त्यांना नुसते पत्रे दिसतील.

ब्रसेल्सला जायचा मोह होईल पण तिथं आता काही नाही. यानिस झेनाकिस या संगीतकाराने १९५४ मध्ये पूर्ण केलेल्या एका ऑर्केस्ट्रा रचनेत तंतुवाद्यं सगळी मिळून मिंडेसारखी सरकत जातात, त्या सरकण्याचा आलेख काढला तर सरळ रेघांनी बनलेला वक्र पृष्ठभाग दिसतो, आणि तोच पृष्ठभाग त्याने १९५८ च्या ब्रसेल्स प्रदर्शनातल्या फिलिप्स कंपनीच्या पॅव्हेलियनच्या इमारतीला वापरला. तेव्हा तो ल कॉर्बुझिएच्या ऑफिसात कामाला होता, म्हणजे चंदीगड आखणाऱ्या वास्तुरचनाकाराच्या. इमारत १९५९ मध्ये पाडली. गाण्यावरून इमारत बांधली, इमारत गेली, गाणं राहिलं.

प्रश्न (पुणे): गाणं ऐकायचं असतं, शिल्प बघायचं असतं. ही खिचडी कशाला?

उत्तर: खिचडी वाईट असते असं पुण्यात कधीपासून म्हणायला लागले? पण निम्मं तुमचं बरोबर आहे. बाजारात हल्ली फ्रेममध्ये "तुझ्या आवाजाची लाट" विकतात, ती लाट इतकी दाबलेली असते की प्रेमाचं वाक्य आणि दुधाचा हिशोब सारखाच दिसतो, खाली क्यूआर कोड लावावा लागतो त्यातच सगळं आलं.

प्रश्न (नाशिक): आमची मुलगी सात वर्षांची आहे, जन्मापासून ऐकू येत नाही. माझे सासरे तबला वाजवतात. ते वाजवायला बसले की ही जाऊन चिकटून बसते आणि डग्ग्याच्या भांड्याला हात लावते. तिला त्यांचं वाजवणं एखाद्या शिल्पातून देता येईल का?

उत्तर: भांड्याला हात लावते म्हणजे अर्धं काम तिनेच केलंय. त्वचेला साधारण २५० हर्ट्झच्या आसपासचं थरथरणं सगळ्यात तीक्ष्ण कळतं आणि हजारच्या वर जवळजवळ कळत नाही, म्हणजे काळी एकचा तबला, २७७ हर्ट्झचा, तिच्या हातासाठी अगदी नेमक्या जागी आहे, आणि डग्ग्याचा घुमारा तर आहेच. आजोबांना सांगा गादी काढा आणि लाकडी पाटावर किंवा पोकळ फळीवर तबला ठेवा, तिला त्याच फळीवर बसू द्या. फुगवलेला फुगा दोन्ही हातांत धरायला दिला तर बोटांत बारीक बोलसुद्धा येतात.

शिल्प त्याच्या सोबतीला करा, त्याच्या बदल्यात नको. मी असं सुचवेन, रेकॉर्डिंगच्या भानगडीत न पडता तीनतालाची एक पट्टी छापायची, सोळा मात्रा, प्रत्येकीला बारा मिलिमीटर, म्हणजे लांबी १९.२ सेंटिमीटर झाली, साध्या प्रिंटरवर मावते. दोन ओळी. वरच्या ओळीत तबल्याचे बोल, अरुंद टोकदार उंचवटे, खालच्या ओळीत डग्गा, रुंद गोल फुगवटे, दाबून मिंड घेतली तशी चढत जाणारी कड. समेवर कडेला एक खाच, म्हणजे आवर्तन कुठं सुरू होतं ते अंगठ्याला कळेल. आजोबा विलंबितात ठेका धरतील आणि ती एक हात फळीवर आणि दुसऱ्या हाताचं बोट पट्टीवर सरकवत नेईल.

यात एक गंमत आपोआप होते. धा धिं धिं धा दोनदा झालं, मग नवव्या मात्रेचा धा, आणि दहापासून तिं तिं ता ता. या चार मात्रांत डग्गा नाही, त्यामुळे खालच्या ओळीत दहा ते तेरा काहीच नसेल, सपाट, आणि त्याच वेळी फळीतलाही घुमारा गेलेला असेल. चौदाव्याला दोन्ही परत येतात. तालातली 'खाली' म्हणजे काय हे ऐकू येणाऱ्या मुलांना शिकवताना आम्हाला हात हवेत उलटा करून दाखवावा लागतो, इथं ते बोटाखालीच आहे.

पट्टी छापून झाली की एकच कळवा, दहाव्या मात्रेला तिचं बोट काय करतं, थांबतं का तसंच पुढे जातं. ती सपाट जागा अगदी गुळगुळीत ठेवायची की तिथं थोडा खरखरीतपणा द्यायचा हे माझं अजून ठरत नाहीये.